कपाटावरची पाटी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत देवासला जायचे ठरले ते मामींच्या एका फोनमुळे.

"बेटा, तुझ्या मामांची पुस्तकं इथल्या वाचनालयाला द्यायचं ठरलंय. वेगळं कपाट देणार म्हणताहेत, त्यांच्या नावाचं. यादी करायला आणि पाटीवरचा मजकूर लिहायला तू ये. मास्तरीण आहेस ना!"

मी कॉलेजात इतिहास शिकवते. निपाणीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून पुणे, पुण्याहून रात्रीच्या गाडीने इंदूर आणि तिथून तासाभरात बसने देवास, हा प्रवास लहानपणापासून पाठ आहे. पण या वेळी स्टेशनवर घ्यायला मामा येणार नव्हते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली.

देवास म्हटले की आपल्या सीमाभागातल्या माणसाला आधी कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी १९४८ साली क्षयाने आजारी असताना कोरड्या हवेसाठी देवासला गेले, बरे झाले आणि १९९२ साली जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. आमच्या घराची वाट मात्र उलटी होती. आई देवासची, लग्न होऊन निपाणीला आली. देवास हे पवारांचे संस्थान, आणि तेही एकाच गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. शाहू महाराजांची कन्या अक्कासाहेब थोरल्या पातीत दिलेली, आणि त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून आले. आईचे लग्न ठरले तेव्हा आजोबा म्हणाले होते म्हणे, "देवास-कोल्हापूरची सोयरीक जुनीच आहे, आपण काही नवीन करत नाही."

तर या आईचे थोरले भाऊ म्हणजे माझे मामा. नाव मुद्दामच लिहीत नाही. मामींना ते पेपरात आलेले आवडणार नाही. आमच्या घरी ते 'विमानवाले मामा' होते. माझी अज्जी, म्हणजे वडिलांची आई, चिकोडीकडची. तिचे माहेर पक्के कन्नड. आकाशातून विमानाचा आवाज आला की ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "नोडु, निन्न मामा बंद्रु!" आम्ही भावंडे अंगणात धावायचो आणि ढगांकडे बघून हात हलवायचो. मामा हवाई दलात वैमानिक आहेत हे आम्हाला आमच्या आडनावाइतकेच पक्के ठाऊक होते. शाळेत निबंध आला की माझा विषय ठरलेला.

मामांनाही अज्जीचे फार कौतुक. ते उमेदवार असताना काही महिने बिदरला होते. तिथल्या मेसमधल्या एका आचाऱ्याकडून ते मोडके कन्नड शिकले होते. घरी आले की चपला काढायच्या आधी ओट्यावरूनच विचारायचे, "चन्नागिदिरा अज्जी? ऊटा आयता?" अज्जी पदर तोंडाला लावून हसायची. हे कन्नड बिदरचे, आमच्या चिकोडीचे नव्हे, असे ती नंतर आम्हाला समजावून सांगायची.

देवासच्या घरात पोचले तर बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे सात ढीग लावून ठेवलेले. मामींनी पोहे पुढे केले, वर माळव्याच्या रिवाजाप्रमाणे मूठभर सेव. म्हणाल्या, "आधी खा. ती पुस्तकं काही पळून जात नाहीत."

दोन दिवस यादी करण्यात गेले. विमानविद्येची पुस्तके, हवामानशास्त्राची, रडारवरची, पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांची. केरमोड या लेखकाचे 'मेकॅनिक्स ऑफ फ्लाइट', पाठ फाटून चिकटपट्टीने जोडलेले. सेंत-एक्झुपेरीचे 'विंड, सँड अँड स्टार्स'. कलामांचे 'अग्निपंख', आपल्या बेळगावच्या माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेले. आणि जुन्या कात्रणांची एक फाईल. तिच्यात सर्वात वर एका छोट्या, दोन आसनी विमानाचे छायाचित्र. खाली मामांच्या अक्षरात : 'एचटी-२. घाटगे साहेबांचे विमान.'

वाचकहो, हे घाटगे साहेब आपलेच. डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ सालचा, गाव कोल्हापूर जिल्ह्यातले हसूर. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. प्रांटल म्हणजे हवा पंखावरून कशी वाहते या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. पुढे घाटगे बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवणाऱ्या पहिल्या मंडळींत ते होते. स्वतंत्र भारतात आपल्या माणसांनी आराखडा काढून बनवलेले पहिले इंजिनाचे विमान म्हणजे हे एचटी-२. त्या चमूचे प्रमुख घाटगे. १९५१ सालच्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडाले. सर्व धातूचे, पंख खाली बसवलेले, एकामागे एक दोन आसने, शेपटीखाली छोटे चाक, आणि इंजिन एकशे पंचावन्न अश्वशक्तीचे. हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या आकाशातली अआइई या विमानावर शिकल्या. घाटगे यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९१ साली ते गेले.

सुट्टीआधी मी वर्गात सहज विचारले होते, "घाटगे यांचे नाव कोणी ऐकलंय?" साठ मुलांत एकही हात वर आला नाही. खोटे कशाला बोलू, मामा नसते तर माझाही आला नसता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रंकेच्या तळाशी मामांची लॉगबुक सापडली. निळसर कापडी बांधणीची, लांबट. वैमानिकाची लॉगबुक म्हणजे त्याची सगळी कुंडली. तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, सोबत कोण, शिक्षकाबरोबर किती वेळ, एकट्याने किती वेळ. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ. पान भरले की बेरीज.

मी आनंदाने पाने उलटू लागले. बिदर, १९६८. एचटी-२. शिक्षकासह चाळीस मिनिटे. शिक्षकासह पन्नास मिनिटे. अशा ओळींमागून ओळी. मग फेब्रुवारीतली एक ओळ, जिथे शिक्षकाचा रकाना रिकामा आणि एकट्याच्या रकान्यात '०.१५'. त्या ओळीखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढलेली. पंधरा मिनिटे. धावपट्टीवरून वर जायचे, एक चौकोनी फेरी मारायची आणि परत उतरायचे. शिक्षक खाली उभा राहून बघणार. वैमानिकाच्या आयुष्यात हा दिवस एकदाच येतो.

एचटी-२ वरचे एकूण ६२ तास, त्यांपैकी एकट्याचे १९. त्यानंतर पुढच्या टप्प्याच्या, मोठ्या विमानाच्या सात ओळी. सगळ्या शिक्षकासह. आणि मग काहीच नाही.

मला वाटले दुसरी लॉगबुक असेल. ट्रंक रिकामी केली, माळा धुंडाळला. नव्हती. पुढची सगळी पाने कोरी होती, नव्या वहीसारखी.

मामी दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. म्हणाल्या, "दुसरी नाहीए. शोधू नको."

मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि शांतपणे सांगितले. विमान उंचावरून भराभर खाली आले की हवेचा दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागे घशात उघडणारी एक बारीक नळी असते, ती उघडून दाब सारखा करते. गिळताना आपल्याला कानात 'टक' असे होते ना, ते तेच. मामांच्या उजव्या कानाची नळी वेळेवर उघडत नसे. हळू उडणाऱ्या लहान विमानात ते निभावले. मोठ्या विमानात वेगाने खाली येताना वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यांनी आठवडाभर लपवले. मग कानातून रक्त आले आणि लपवता आले नाही. डॉक्टरांनी तपासून उड्डाण बंद केले. त्यात चूक कोणाचीच नव्हती. मामांना जमिनीवरच्या शाखेत घेतले आणि ते विमान नियंत्रण कक्षात रुजू झाले. पुढची बावीस वर्षे तिथेच.

"लग्न ठरायच्या आधी धारला आले होते, तेव्हाच माझ्या वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं. मी वैमानिक नाही, झालो नाही. पण गावानं ऐकलंच नाही. हवाई दलात आहे म्हणजे पायलटच. आधी सांगून बघितलं, मग कंटाळले. मुलांना सांगायचं राहून गेलं. आणि मग..." मामी थांबल्या. "आता पाटीवर वैमानिकच लिही. सगळे तसंच म्हणतात. कुणाचं काय बिघडतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणाचं काय बिघडतं, हा प्रश्न सोपा नव्हता. मी वीस वर्षे मुलांना सांगत आले, पुराव्यात आहे तेवढेच लिहा, आवडते म्हणून एक अक्षर वाढवू नका. आपल्या राजाची लढाई असो की आपल्या गावचे नाव, नियम तोच. आता माझ्याच मामाच्या पाटीवर माझ्याच हाताने चार अक्षरे लिहायची होती, आणि ती खरी नव्हती. पण पुरावा तरी काय सिद्ध करत होता? एका म्हाताऱ्या बाईचा अभिमान काढून घेण्याइतका तो मोठा होता का?

शिवाय मामेभाऊ होता. तो बेंगळुरूला असतो. सकाळी मी त्याला फोन केला. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. बराच वेळ फोनवर आवाज नाही. मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा बातमीत वैमानिक छापलं होतं. मीच दिलं होतं लिहून. पन्नास वर्षं लोक म्हणत आलेत. आता तू कशाला उकरतेस, ताई?" आणि फोन ठेवला. माझ्यावर तो आयुष्यात पहिल्यांदाच चिडला होता.

ही कोंडी सुटली ती एका वेगळ्याच पुस्तकामुळे. मामी धारच्या. त्यांचे वडील तिथे संस्कृत शिकवत. त्यांच्या संग्रहातला 'समरांगणसूत्रधार' मामींकडे होता, बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९२०च्या दशकात छापलेला, दोन भागांतला. हा ग्रंथ धारच्या भोजराजाच्या नावावर आहे, अकराव्या शतकातला. मुळात तो वास्तुशास्त्राचा ग्रंथ. नगर कसे वसवावे, घर कसे बांधावे, मूर्ती कशी घडवावी. त्यात यंत्रांवर एक अध्याय आहे आणि त्या अध्यायात हलक्या लाकडाच्या एका मोठ्या पक्ष्याचे वर्णन येते. त्याच्या पोटात पाऱ्याचे भांडे, खाली अग्नी, आणि त्या जोरावर माणूस आकाशात जातो.

मामींना वाटत होते की कपाटात पहिले पुस्तक हे असावे. "विमानाची गोष्ट धारपासून सुरू होते ना!" मामा असताना यावरून दोघांची नेहमी जुंपायची. मामा म्हणायचे, "तुमच्या भोजराजाला आधी पाऱ्याचं इंजिन चालवून दाखवू द्या, मग पहिल्या खणात ठेवू."

माझ्या वर्गातही हा विषय दरवर्षी निघतो. कोणीतरी 'वैमानिक शास्त्र' नावाच्या पोथीचा दाखला देतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली त्या पोथीची कसून तपासणी केली होती. पोथी प्राचीन नाही, ती १९०४ च्या आधीची असू शकत नाही, आणि तिच्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी हे सांगते तेव्हा काही मुलांचे चेहरे पडतात. मला तेव्हा वाईट वाटते. पण भोजाचा ग्रंथ तसा नाही. तो खरोखरच जुना आहे. म्हणून प्रश्न वेगळा होतो : त्यात नेमके काय लिहिले आहे?

मी मामींना तेच विचारले. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक काढले आणि तो भाग मला वाचून दाखवला, अर्थ सांगितला. मग त्या स्वतःच पुढे म्हणाल्या, "यंत्र कसं घडवायचं ते मुद्दाम सांगत नाही, असंही तो इथं म्हणतो. गुप्त राहावं म्हणून."

"म्हणजे मामी, असा पक्षी कोणी उडवला, असं लिहिलंय का?"

त्यांनी पुन्हा पान बघितले. संस्कृत शिक्षकाची लेक. खोटे वाचवेना. "नाही. कल्पना आहे. सुंदर आहे. पण उडवला असं नाही लिहिलेलं."

मी काही बोलले नाही. लॉगबुक शेजारीच पडली होती. मामींनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा टाकायला उठून गेल्या. चहा त्या दिवशी फार वेळ उकळला.

संध्याकाळी त्यांनी मला कपाटातला एक पत्र्याचा डबा आणून दिला. आत दिवाळीची शुभेच्छापत्रे होती, वीस-पंचवीस. वेगवेगळ्या गावांहून आलेली, बहुतेक इंग्रजीत. एकावर कोणा वैमानिकाने लिहिले होते, त्या जुलैच्या रात्री तुमचा आवाज नसता तर हे कार्ड पाठवायला मी नसतो.

मामांनी एकदा मला ते काम समजावून सांगितले होते, पण मी तेव्हा लहान होते आणि मला विमान उडवण्याच्या गोष्टी हव्या होत्या. पाऊस, ढग, खालचे काही दिसत नाही. अशा वेळी जमिनीवर रडारसमोर बसलेला माणूस विमानाला बोलत बोलत उतरवतो. त्याच्यापुढे दोन चित्रे असतात. विमान धावपट्टीच्या रेषेत आहे की नाही हे एकात, आणि योग्य उताराने खाली येते आहे की नाही हे दुसऱ्यात. थोडे उजवीकडे. आता सरळ. किंचित वर आहात. ठीक. उताराच्या शेवटच्या भागात वैमानिकाने उत्तर द्यायचे नसते. त्याने फक्त ऐकायचे आणि तसे करायचे. नियंत्रकाचा आवाज थांबता कामा नये. काही सेकंद आवाज आला नाही तर संपर्क तुटला असे समजून वैमानिक विमान पुन्हा वर घेतो.

दुखऱ्या कानाचा माणूस बावीस वर्षे दुसऱ्यांच्या कानात बोलत राहिला होता. आम्ही त्याला फक्त विमानात बघायचे ठरवले होते.

'अग्निपंख' उघडले तर एका पानात बसचे जुने तिकीट खूण म्हणून ठेवलेले. कलाम डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी गेले होते तो भाग. पंचवीस जणांत त्यांचा नंबर नववा लागला आणि घ्यायचे होते आठ. समासात मामांनी काही लिहिले नव्हते, फक्त तिकीट होते. पुढे २००६ साली राष्ट्रपती असताना कलाम पुण्याहून सुखोई विमानातून उडाले, त्याचे कात्रण मात्र फाईलमध्ये नीट चिकटवलेले होते, तारखेसह.

मी मजकूर लिहिला. वर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, 'स्मृती संग्रह : विमानविद्या'. त्याखाली एकच ओळ : 'बिदरच्या आकाशात एचटी-२ हे विमान एकट्याने उडवले.' हे खरे होते. कागदोपत्री होते. १९ तासांचा पुरावा होता.

मामींनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "हे अर्धंच झालं. खाली लिही, बावीस वर्षं दुसऱ्यांची विमानं सुखरूप उतरवली."

दुसरी ओळ अशी त्यांची आहे.

वाचनालय लहान आहे. एक मोठी खोली, वर्तमानपत्रांचे लाकडी टेबल आणि बारा कपाटे. ग्रंथपाल निवृत्त गृहस्थ, पण आपल्या कामात कडक. त्यांनी सगळी पुस्तके ड्युई पद्धतीने लावली. विमानविद्या ६२९.१३ वर आली. मामींनी 'समरांगणसूत्रधार' पुढे केला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, हा ७२० ला जाईल. वास्तुकला." मामी हसल्या. मला वाटते, मामा हे ऐकायला हवे होते. भोजराजाचा ग्रंथ आता शेजारच्या कपाटात आहे, आणि मामांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी लावली आहे की लाकडी पक्ष्याविषयी वाचायचे असेल तर पलीकडे पाहावे. घाटगे साहेबांची एक पानी माहिती मी मराठीत लिहून एचटी-२ च्या छायाचित्राखाली डकवली.

कपाटाच्या कार्यक्रमाला मामेभाऊ येईल की नाही याची खात्री नव्हती. आदल्या रात्री तो आला. माझ्याशी मोजकेच बोलला. सकाळी पाटीवरचा पडदा मामींनी बाजूला केला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. लोक पाटी वाचत होते. एकदोघांनी विचारलेच, "म्हणजे ते पायलट नव्हते का?" मामींनी सरळ सांगितले, "नव्हते. कान दुखायचा त्यांचा." ज्यांनी विचारले त्यांनी मान डोलावली आणि पेढा खाल्ला. एवढेच झाले. पन्नास वर्षे ज्याला घाबरलो ते एवढेच होते.

मामेभाऊ मागे उभा होता. गर्दी पांगल्यावर त्याने लॉगबुक मागितली. ती काचेखाली ठेवायची होती, पण कोणते पान उघडे ठेवायचे ते ठरले नव्हते. तो उभ्या उभ्या चाळू लागला. फेब्रुवारीच्या त्या ओळीपाशी थांबला. "हे काय, शून्य पूर्णांक पंधरा?"

"पंधरा मिनिटं. पहिल्यांदा एकटे उडाले तो दिवस."

त्याने मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला. मग लॉगबुक तेवढ्याच पानावर उघडी ठेवून काच लावली. पाटीबद्दल तो अजूनही माझ्याशी बोललेला नाही. त्याला पटले आहे असे मी म्हणणार नाही. पण फोटो त्याने घेतला.

निघायच्या दिवशी पोस्टाच्या बाजूने जाताना वाचनालयात डोकावले. नोंदवहीत मामांच्या कपाटातले पहिले पुस्तक गेल्याची नोंद होती. अकरावीतली कोणी मुलगी केरमोडचे ते फाटके पुस्तक घेऊन गेली होती. ग्रंथपाल म्हणाले, "तिला म्हटलं, पोरी, इंग्रजी आहे आणि अवघड आहे. तर म्हणाली, चित्रं बघीन."

निपाणीला परतल्यावर वर्गात घाटगे साहेबांवर एक तास घेतला, नेमलेल्या अभ्यासक्रमाबाहेरचा. त्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसले होते. कोल्हापूरला उतरणारे विमान असावे, बरेच खाली आलेले. अज्जी जाऊन बारा वर्षे झाली, पण कानात तिचीच हाक आली. माझी धाकटी पळत बाहेर आली आणि हात हलवू लागली. मी तिला म्हटले, "थांब. त्यांना आत्ता खालून कोणीतरी सांगतंय, थोडं उजवीकडे, आता सरळ."

"कोण सांगतंय?" तिने विचारले.

मग तिला मामांची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. कानासकट.